इव्हेंट ११ 'कंट्रोलर एरर' आणि मधेच गायब होणारी हार्ड डिस्क : मदरबोर्ड गेला की डिस्क?

नेरूरपार :

नमस्कार. कुडाळजवळून लिहितोय. जत्रांत रात्रभर चालणारे दशावतार पूर्वी लोक साध्या टेपरेकॉर्डरवर भरून घ्यायचे. त्या कॅसेटी घराघरांतून मागून आणायच्या, साफ करायच्या, संगणकावर उतरवायच्या आणि परत नेऊन द्यायच्या, असं काम मी करतो. उतरवताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, स्टिरिओ ठेवतो. त्यामुळे साठ मिनिटांच्या एका कॅसेटीला दोन जीबीहून थोडी जास्त जागा लागते. हे सगळं २ टीबीच्या एका साडेतीन इंची डिस्कवर आहे. निम्म्याहून जास्त कॅसेटींची दुसरी प्रत झाली आहे, उरलेल्यांची व्हायची आहे. त्यांतल्या काही टेपांना बुरशी धरली होती, त्या पुन्हा वाजतील याचा भरवसा नाही. यात पेटी आणि मृदंग वाजवणारे कितीतरी जण आता हयात नाहीत. म्हणून डिस्कला हात लावण्याआधी विचारतोय.

लक्षणं अशी. विंडोज १० दुसऱ्या डिस्कवर आहे, तिला काही त्रास नाही. या डेटाच्या डिस्कवर मोठी फाइल कॉपी करायला घेतली की वेग शून्यावर येतो, डिस्कचा लाल दिवा पेटलेला राहतो, आणि थोड्या वेळाने ड्राइव्हच दिसेनासा होतो. रीस्टार्ट केल्यावर परत येत नाही. संगणक पूर्ण बंद करून, मागचं बटण पाडून पुन्हा चालू केला की येतो. टकटक असा आवाज नाही. पण गायब होताना कधी कधी मोटर मंदावून पुन्हा वेग घेतल्यासारखा आवाज येतो.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ११ नंबरच्या नोंदी भरपूर, 'द ड्रायव्हर डिटेक्टेड अ कंट्रोलर एरर' अशा. १२९ नंबरच्याही बऱ्याच, 'रिसेट टू डिव्हाइस'. ७ नंबरच्या मोजक्या, बॅड ब्लॉकच्या. डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम पिवळा 'कॉशन' दाखवतो. ०५ समोर ०, सी५ समोर १०, सी७ समोर १ए४.

एका दुकानात म्हणाले, मदरबोर्डचा साटा कंट्रोलर (डिस्क जिथे जोडली जाते तो भाग) गेला, बोर्ड बदला. दुसरीकडे म्हणाले, डिस्कला दहा बॅड सेक्टर आहेत, लो लेव्हल फॉरमॅट मारून देतो. दोघांपैकी कोणाचं ऐकू?

अनुस्वार :

फॉरमॅट अजिबात नको. मी असतो तर आधी विंडोजचा डिस्क तपासणारा चेकडिस्क 'स्लॅश आर' चालवून पाहिला असता. त्यानेही नाही झालं तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला त्याच मॉडेलची जुनी डिस्क शोधून तिचा पीसीबी, म्हणजे पाठीवरची सर्किटची पट्टी, या डिस्कला लावता येतो. कंट्रोलर एरर म्हणतोय म्हणजे पीसीबीच असणार.

पंचगंगा_काठ :

नेरूरपार दादा, आधी त्या डिस्कचं कनेक्शन काढून ठेवा आणि मग पुढचं वाचा. कोल्हापुरात माझं काम डिस्क आणि बोर्ड दुरुस्तीचंच आहे, आणि तुमच्या वर्णनात दोन्ही दुकानांनी न विचारलेली एक गोष्ट दिसते आहे.

चेकडिस्क नको. तो दुबळ्या जागा पुन्हा पुन्हा वाचायला लावतो, आणि जे वाचता येत नाही त्याभोवतीची फाइल सिस्टिम आपल्या समजुतीने दुरुस्त करून त्याच डिस्कवर लिहितो. ते लिखाण मागे घेता येत नाही. निरोगी डिस्कवर फाइल सिस्टिम बिघडली असेल तेव्हा ते साधन चांगलं आहे. डिस्क वाचतानाच अडखळते आहे तोवर तिच्यावर एक अक्षरही लिहायचं नाही.

पीसीबी बदलणंही इथे लागू नाही. त्या पट्टीवर आठ पायांची एक रॉम चिप असते आणि तिच्यात त्याच एका डिस्कच्या हेडची (वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाची) मोजमापं कारखान्यात भरलेली असतात. काही मॉडेलमध्ये ती मुख्य चिपच्या आतच असते. तेच मॉडेल, तीच आवृत्ती आणून नुसती पट्टी बदलली तर आजच्या बहुतेक डिस्क उठत नाहीत. रॉम इकडून तिकडे हलवावी लागते. पट्टी बदलायची वेळ कधी येते? मोटर फिरतच नाही, जळल्याचा वास येतो, ५ किंवा १२ व्होल्टच्या वाटेवरचा संरक्षक डायोड शॉर्ट झालेला मीटरवर दिसतो, तेव्हा. तुमची डिस्क उठते, ओळखली जाते, फाइली दाखवते. तिची पट्टी मेलेली नाही.

आता 'कंट्रोलर' या शब्दाने झालेला घोळ. १९८० च्या एसटी-५०६ च्या काळात डिस्क म्हणजे नुसती यंत्रणा असे आणि तिचं डोकं, म्हणजे कंट्रोलर, वेगळ्या कार्डावर असे. आयडीई ही जोडणीची पद्धत आल्यापासून ते डोकं डिस्कच्या पाठीवरच्या पट्टीवर गेलं, आणि मदरबोर्डवर उरला तो बोलणं पोचवणारा भाग. विंडोजची ११ नंबरची नोंद एवढंच सांगते की हुकूम दिला आणि उत्तर धड आलं नाही. मधे केबल आहे, दोन टोकांचे कनेक्टर आहेत, वीज आहे, डिस्कची पट्टी आहे, प्लॅटर (माहिती साठवणाऱ्या आतल्या तबकड्या) आहेत. यांतलं काहीही बिघडलं तरी ११ येतो. त्या एका नोंदीवरून बोर्ड बदलायला सांगणं मला पटत नाही.

बोर्डाचा साटा कंट्रोलर खरोखर बिघडल्याची उदाहरणं आहेत. सगळ्यांत ठळक इंटेलने स्वतः ३१ जानेवारी २०११ ला जाहीर केलेलं : ६ सिरीजच्या चिपसेटमध्ये, म्हणजे एच६७, पी६७ वगैरे बोर्डांवर, ३ गिगाबिटवाले २ ते ५ नंबरचे पोर्ट काळानुसार दुबळे होत जायचे. ० आणि १ हे ६ गिगाबिटवाले पोर्ट मात्र ठीक होते. पुढे बी३ आवृत्तीत ते सुधारलं. तुमचा बोर्ड त्या काळातला असेल तर पोर्ट नंबर जरूर पाहा. नसेल तर बोर्डावर संशय सगळ्यांत शेवटी घ्यायचा.

तुमचे आकडे. क्रिस्टलडिस्कइन्फो रॉ आकडे मुळात सोळाच्या पायावर, म्हणजे हेक्समध्ये दाखवतो. फंक्शन, ॲडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज इथे जाऊन ते दहाच्या पायावर करून घ्या. तुमचे '१०' म्हणजे सोळा सेक्टर. आजच्या बहुतेक डिस्कवर प्रत्यक्ष सेक्टर ४०९६ बाइटचा असतो आणि बाहेर तो ५१२ चे आठ म्हणून मोजला जातो. म्हणजे प्लॅटरवरच्या दोनच जागा वाचता येत नाहीत, असं दिसतं. सी५ म्हणजे 'पेंडिंग' : वाचता आलं नाही, निकाल अजून लागलेला नाही. ०५ म्हणजे खराब ठरवून बदलून टाकलेले, ते तुमच्याकडे शून्य आहेत.

सी७ चा १ए४ म्हणजे ४२०. केबलवरून जाताना माहिती बिघडली, तपासणीत पकडली गेली आणि पुन्हा पाठवावी लागली, असं किती वेळा झालं त्याची ही मोजदाद. प्लॅटरचा याच्याशी संबंध नाही. हा आकडा कधी उतरत नाही, म्हणून आजचा लिहून ठेवायचा आणि वाढतो का ते पाहायचं.

आणि आता न विचारलेली गोष्ट : सी० आणि ०सी. ०सी म्हणजे डिस्कला किती वेळा वीज मिळाली. सी० म्हणजे वीज अचानक गेल्यामुळे हेड घाईने मागे घ्यावी लागली, ते किती वेळा. (काही कंपन्यांच्या डिस्कमध्ये सी० नेहमीच्या बंद करण्यानेही वाढतो, त्यामुळे दोन्ही एकत्र पाहायचे.) संगणक चालू असताना, तुम्ही बटणाला हात न लावता हे दोन आकडे वाढत असतील, तर डिस्कची वीज मधेच तुटते आहे. मोटर मंदावून पुन्हा वेग घेते हे तुम्ही लिहिलंत, तेव्हाच मला ही शंका आली. डेटाची केबल कितीही खराब असली तरी तिच्यामुळे मोटर मंदावत नाही.

तर एका वेळी एकच बदल करा. कॅबिनेट उघडा. आधी फक्त साटा डेटा केबल बदला, शक्यतो खटका असलेली लावा. आकडे लिहा, अर्धा तास नुसती चालू ठेवा, कॉपी वगैरे काही नको. पुन्हा आकडे लिहा. मग वीज. डिस्कला वीज कुठून येते ते मला सांगा : एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) स्वतःच्या साटा कनेक्टरमधून, की मधे एकाचे दोन करणारं स्प्लिटर आहे?

नेरूरपार :

ताई, इतकं सविस्तर लिहिलंत, फार आधार वाटला. बोर्ड २०११ चा नाही, बराच नंतरचा आहे.

जुनी केबल काढली तर ती डिस्कच्या टोकाला सैल होती, खटका मोडलेला. नवीन लावली. सी७ ४२० वरच थांबला, त्यानंतर एकानेही वाढला नाही. पण ड्राइव्ह पुन्हा गायब झाला, आणि तुम्ही म्हणालात तेच : सी० आणि ०सी दोन्ही वाढले. मी बटणाला हात लावला नव्हता आणि त्या वेळी गावात लाइटही होती.

वीज स्प्लिटरमधूनच आहे. एसएमपीएसचा चार पिनांचा मोठा कनेक्टर, त्याला दोन साटा करणारं पांढरं स्प्लिटर, त्यातलं एक या डिस्कला आणि दुसरं डीव्हीडीला. काढून पाहिलं तर डिस्कच्या बाजूच्या कनेक्टरचं प्लॅस्टिक एका कडेला तपकिरी झालंय. पिवळ्या तारेच्या बाजूला.

पंचगंगा_काठ :

ते स्प्लिटर लगेच फेकून द्या, दुसऱ्या कशालाही लावू नका. पिवळी तार १२ व्होल्टची. साडेतीन इंची डिस्कची मोटर उठताना त्या तारेवरून दोन अँपिअरच्या आसपास करंट ओढते. संपर्क ढिला असला की तिथेच उष्णता तयार होते, प्लॅस्टिक भाजतं, संपर्क आणखी ढिला होतो. ओतीव प्लॅस्टिकची, तारा आतच बंद केलेली स्वस्त स्प्लिटरं यात सगळ्यांत वाईट. आत तारा एकमेकींना लागून पेट घेतल्याचेही प्रकार झालेले आहेत. आपल्याकडच्या पावसाळी हवेत पिनांवर काळपट थर चढतो, त्याने भर पडते.

एसएमपीएसमधून थेट आलेला साटा कनेक्टर लावा. मीटर असेल तर त्याच एसएमपीएसच्या मोकळ्या मोठ्या कनेक्टरवर पिवळ्या आणि काळ्या तारेत मोजा : ११.४० ते १२.६० मध्ये हवं. लाल-काळ्यात ४.७५ ते ५.२५. डिस्क उठत असताना मोजा. आकडा बरोबर आला म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका, क्षणभराचा खड्डा साध्या मीटरला दिसत नाही. खरा पुरावा सी० आणि ०सी वाढायचे थांबणं हाच.

आणखी एक. सेक्टर लिहिला जात असताना मधेच वीज गेली तर तो अर्धा नवा, अर्धा जुना राहतो. शेजारी लिहिलेला त्रुटी-सुधार कोड त्याच्याशी जुळत नाही, आणि पुढच्या वाचनाला डिस्क म्हणते, वाचता येत नाही. प्लॅटरवर ओरखडा नसतानाही पेंडिंग अशा रीतीने येतो. तुमच्या दोन जागा त्यातल्या असू शकतात. खरं काय ते प्रत काढून झाल्यावरच कळेल. तोवर डिस्क आजारी आहे असं धरूनच चालायचं.

रात्रपाळी :

प्रत काढण्याबद्दल थोडं लिहितो, सर्व्हर सांभाळण्याच्या नोकरीत हे नेहमी करावं लागतं.

विंडोजमधून फाइली ओढू नका. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करा, सिस्टिमरेस्क्यूमध्ये जीएनयू डीडीरेस्क्यू हा बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणारा प्रोग्रॅम आधीच असतो. नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी हवी. जुनी डिस्क फाइल मॅनेजरमधून उघडू नका, माउंट करू नका. कुठली जुनी आणि कुठली नवी हे अनुक्रमांक पाहून, स्टिकरवरच्या नंबरशी जुळवून ठरवा. एसडीए, एसडीबी ही नावं बूटगणिक बदलू शकतात, आणि उलटी प्रत निघाली तर सगळंच गेलं.

मॅपफाइल द्यायला विसरू नका, ती तिसऱ्या ठिकाणी, वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. कुठली जागा वाचली, कुठली राहिली हे तिच्यात असतं. लाइट गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. पहिला फेरा 'एन' पर्यायाने : जिथे अडेल ती जागा सोडून पुढे जायचं, चांगलं आहे ते आधी पदरात घ्यायचं. नंतर 'डी' (थेट डिस्कवरून वाचणं) आणि 'आर ३' (तीनदा प्रयत्न) देऊन राहिलेल्या जागांवर परत जायचं.

आता कंट्रोलरसंबंधी. लिनक्स एका हुकमाला साधारण ३० सेकंद थांबतो. घरगुती डिस्क एका अवघड सेक्टरवर त्याहून जास्त वेळ झटापट करू शकते. मग लिनक्स कंटाळून लिंक रिसेट करतो आणि पाहणाऱ्याला वाटतं की कंट्रोलर गेला. त्या डिस्कची टाइमआउटची मर्यादा १८० सेकंद करून घ्या. सिस फोल्डरमध्ये, ब्लॉक, मग डिस्कचं नाव, मग डिव्हाइस, तिथे टाइमआउट नावाची फाइल असते.

कर्नलच्या नोंदीही वाचत राहा. 'यूएनसी' आलं तर प्लॅटरवरून वाचता आलेलं नाही. 'आयसीआरसी' आलं तर केबलची वाट बिघडली आहे. विंडोज एका ११ मध्ये जे कोंबतो ते इथे वेगवेगळं दिसतं. लिंकचा वेग उतरवून १.५ गिगाबिट केल्याची ओळ दिसली तर थांबा आणि कनेक्शन पुन्हा तपासा.

अनुस्वार :

रात्रपाळी, २ टीबीला वेळ किती धरायचा? आणि यूएसबीच्या डब्यात डिस्क टाकून केलं तर?

रात्रपाळी :

डिस्क धडधाकट असेल तर पाच तासांच्या आसपास. अवघड जागा असतील तर काही सांगता येत नाही, रात्रभरही लागेल. यूएसबी डबा नको. डिस्क अडली की अनेक डब्यांतली चिपच गोंधळते आणि सगळं पहिल्यापासून जोडावं लागतं. शिवाय अशा चिपमधून स्मार्टचे (सी५, सी७ वगैरे) आकडे दरवेळी मिळतीलच असं नाही. थेट साटा पोर्टला लावा.

नेरूरपार :

प्रत झाली. थेट कनेक्टर लावल्यापासून डिस्क एकदाही गायब झाली नाही, सी० आणि ०सी जागच्या जागी आहेत. इन्व्हर्टरवरच्या प्लगला लावून डीडीरेस्क्यू चालवला. पहिल्या फेऱ्यात काही तुकडे सुटले, कर्नलमध्ये 'यूएनसी' होतं, 'आयसीआरसी' एकदाही नाही. दुसऱ्या फेऱ्यानंतर दोन जागा राहिल्या, प्रत्येकी ४०९६ बाइट. ताईंनी दोन जागा म्हटलं होतं तेवढ्याच.

आता प्रश्न असा की त्या दोन जागा कुठल्या फाइलीत आहेत हे कसं शोधायचं? वेव्ह फाइल उघडते, वाजते, पण सगळ्या ऐकून पाहायच्या तर वर्ष जाईल.

रात्रपाळी :

डीडीरेस्क्यूचा फिल मोड वापरा. तीच मॅपफाइल द्या आणि न वाचलेल्या जागांवर, फक्त नव्या डिस्कवर, एखादा ओळखू येणारा मजकूर भरा. मग नवी डिस्क नुसती वाचण्यापुरती माउंट करून सगळ्या फाइलींत तो मजकूर शोधा. ज्या फाइलीत सापडेल ती बाधित. कुठेच सापडला नाही तर ती जागा रिकामी होती किंवा फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या नोंदींतली होती. या फिल मोडमध्ये नवी डिस्क हीच लिहिण्याची डिस्क आहे ना, हे दोनदा तपासा.

नेरूरपार :

सापडलं. एक जागा कुठल्याच फाइलीत नाही, आणि माउंट करताना काही तक्रार आली नाही. दुसरी एका वेव्ह फाइलीच्या मधोमध आहे. हिशोब केला : २४ बिट म्हणजे ३ बाइट, दोन चॅनल, सेकंदाला ९६,००० नमुने, म्हणजे सेकंदाला ५,७६,००० बाइट. ४०९६ बाइट म्हणजे सात मिलीसेकंद. संकासुराच्या प्रवेशात, मृदंगाच्या दोन थापांच्या मधे एक चट् आवाज येतो तेवढाच. ती टेप बुरशी लागलेल्यांपैकी नाही, पाट गावातल्या एका घरी आहे. त्यांना फोन केला, ती बाजू पुन्हा उतरवायला ते टेप द्यायला तयार आहेत.

बाकीच्या सगळ्या कॅसेटी मिळाल्या. ताई, दादा, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही. जिथून टेपा आणल्या त्या घरच्यांच्या वतीनेही धन्यवाद.

ताई, जुन्या डिस्कचं काय करू? आणि तिचा पीसीबी साफ करायचा का?

पंचगंगा_काठ :

छान झालं, मनापासून आनंद झाला!

जुनी डिस्क आत्ता तशीच बाजूला ठेवा. नवीन डिस्कवरून दुसरी प्रत निघून दोन्हींचे चेकसम (फाइलींतल्या मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळेपर्यंत तिला पुसायचं नाही. ते झालं की तिच्यावर पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत शून्य लिहा आणि मग सी५ आणि ०५ पाहा. सी५ शून्यावर आला आणि ०५ शून्यच राहिला, तर त्या दोन जागा वीज तुटल्यामुळेच अर्धवट राहिल्या होत्या, प्लॅटर ठीक आहे. ०५ वाढला, किंवा सी५ काही दिवसांनी परत आला, तर तिच्यावर काही ठेवू नका.

पट्टी साफ करायची ती या लिखाणाच्या आधी. बारीक टॉर्क्स स्क्रू काढा, पट्टी उचला. हेडकडे आणि मोटरकडे जाणारे चपटे संपर्क काळे दिसत असतील तर मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, पूर्ण सुकू द्या. किनारपट्टीवरून माझ्याकडे येणाऱ्या डिस्कमध्ये हे संपर्क काळे झालेले मी नेहमी पाहते. डिस्कचं झाकण मात्र कधीच उघडायचं नाही.

नेरूरपार :

असंच करतो. पाटची टेप उतरवून झाली की चेकसमचं काम घेतो, मग जुन्या डिस्कचे आकडे इथेच टाकतो.